घोळीच्या खड्यांची बरणी

उंबरपाखाडीत कुणी राईचा पर्वत केला की लोक म्हणत, ‘ही गुणाजीची घोळ.’ व्याह्यांनी सुनेच्या अंगावरचे दागिने वाढवून सांगितले तरी गुणाजीची घोळ, आणि मुंबईहून आलेल्या कुणी तिकडच्या घरांना सात माळे असतात म्हटलं तरी गुणाजीचीच घोळ. मांडवा आणि किहीम यांच्या मधे, खाडीच्या तोंडाला चिकटून बसलेला हा लहानसा कोळीवाडा. तिथं नाटक नव्हतं की तमाशा नव्हता. गुणाजी तात्या होता, आणि तेवढ्यावर लोकांचं भागत असे.

तात्या आता होडीवर जात नसे. देवळाच्या सभामंडपात डावीकडच्या खांबाला पाठ लावून तो बसे आणि येईल त्याला जुन्या मासळीच्या गोष्टी सांगे. त्याच्या तरुणपणी म्हणे घोळ एवढी मोठी मिळायची की बांबूला बांधून दोघांनी खांद्यावरून आणावी लागे. आता इथं थांबला असता तर लोकांनी मान डोलावली असती. पण म्हातारा थांबेल तर ना. दुसऱ्या खेपेला त्याच घोळीनं होडी खांदेरी बेटापर्यंत ओढत नेलेली असे, आणि तिसऱ्या खेपेला खांदेरीला वळसा घालून सगळ्यांना जेवायच्या वेळेला घरी आणून सोडलेलं असे.

केसर ही त्याची सून, कान्हाची बायको. तिला सासऱ्याच्या गोष्टी फार आवडत. खऱ्या मात्र वाटत नसत. म्हातारा रंगात आला की ती चुलीपुढून म्हणे, “मामा, परवा तिला दोन शिंगं व्हती. आज कापली का?” सासऱ्याला ती मामा म्हणायची. मामाही मग गालातल्या गालात हसत आणि म्हणत, “शिंगं काटे असतील गो, तुला ऐकू आलं न्हाय.” असं त्या घरात बरं चाललं होतं.

केसरच्या हाताला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. भांडी अशी घासायची की तोंड दिसावं, अंगण असं सारवायचं की भात सांडला तर उचलून खावा. शेजारची बायजा म्हणायची, “हिला दर्या मिळाला असता तर हिनं तोपण घासला असता.” आणि एकोणीसशे चौतीस सालच्या वैशाखात केसरच्या या हाताला एक अशी वस्तू सापडली की जिला आजवर कुणी पाणी लावलं नव्हतं.

ती म्हणजे गावदेवीची बरणी.

उंबरपाखाडीची एक रीत होती. नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिला, होड्या बाहेर पडल्या, की हंगामातली पहिली घोळ ज्याच्या जाळ्यात येईल त्यानं तिचं डोकं फोडून आतले दोन खडे काढायचे. घोळीच्या डोक्यात पांढरे खडे असतात, हे कोळणीच्या पोरीलाही ठाऊक असतं. ते खडे, त्यांच्यासोबत एक पैसा, चिमूटभर हळद आणि वरून खोबरेलाची धार, एवढं देवीच्या नावानं बरणीत टाकायचं. घोळ लहान की मोठी हे बघायचं नाही, पहिली आली ती देवीची. मग पुढची पुनव येईपर्यंत बरणी त्याच घरात राहायची. बरणी चिनी मातीची, कुणाच्या तरी खलाशी पणजोबानं आणलेली, पोटानं मोठी आणि तोंडानं अरुंद. रीत कुणी सुरू केली ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

गेल्या हंगामातली पहिली घोळ कान्हाच्या जाळ्यात आली होती, म्हणून बरणी केसरच्या देव्हाऱ्याशेजारी होती. खोबरेल खवट झालेलं, हळदीचा लगदा झालेला, आणि वर मुंग्यांची रांग. केसरनं आठ महिने कळ काढली. मग वैशाखातल्या एका कडक उन्हाच्या सकाळी तिनं देवीची क्षमा मागितली आणि बाह्या सावरल्या.

केलं ते अगदी नीट केलं. वरून एकेक मूठ काढायची, राखेनं आणि शिकेकाईनं खडे धुवायचे, त्यांच्यातला पैसा चिंचेनं घासायचा, आणि त्याच खड्यांजवळ तो पैसा ठेवून अंगणातल्या चटईवर पसरायचं. दारापासून सुरुवात केली ती तळाची मूठ तुळशीपाशी आली. संध्याकाळी खडे खडखडीत वाळले. खळ्यात जवळा वाळवणाऱ्या बाईला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: आधी पसरलं ते आधी वाळतं, म्हणून ते आधी उचलायचं. केसरनं दारापासून उचलायला सुरुवात केली आणि तुळशीपाशी संपवली. बरणीत सगळं मुकाट जाऊन बसलं. बरणीही आतून बाहेरून लख्ख झाली. केसरनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही होतं असं तिला वाटलं नाही.

पुढे श्रावणात गावकी बसली. होड्या शाकारून किनाऱ्यावर होत्या, हातांना काम नव्हतं, अशा दिवसांत कोळीवाड्याला भांडायला सवड मिळते. नारळी पुनव आठ-दहा दिवसांवर आली होती.

भांडण जाळ्यावरून होतं, आणि दुर्दैव असं की बापलेकातच होतं. कान्हानं त्या वर्षी मुंबईहून बारीक डोळ्याचं जाळं आणलं होतं. सुबक, हलकं, गिरणीच्या सुताचं. कान्हा ते पोरासारखं जपायचा. पाऊस ओसरला की खाडीच्या तोंडाला ते लावायचं, म्हणजे जवळा, कोलीम, बारीकसारीक जे म्हणून येईल ते सगळं यायचं. चांगलं असेल ते खायचं-विकायचं, उरलेला बारीक चुरा वाळवून किहीमच्या वाडीवाल्यांना माडाच्या मुळाशी घालायला द्यायचा. गावातल्या निम्म्या घरांनी आधीच असली जाळी आणली होती आणि उरलेली निम्मी आणणार होती.

गुणाजी तात्या आपल्या खांबाजवळून उठला. सहसा तो बसूनच बोलायचा, म्हणून लोक गप्प झाले.

“खाडीत त्या दिवसांत घोळीची पोरं येतात,” तो म्हणाला. “बोटाएवढी. ती तुम्ही जवळ्याबरोबर उचलता आन् माडाच्या बुडाशी पुरता. मग घोळ मोठी व्हायची कुठनं? माझ्या वेळची घोळ बघा आन् आताची बघा.”

“बा, घोळ पैल्यापासून एवढीच हाय,” कान्हा म्हणाला. “तुझी तेवढी दरसाल वाढती.”

सभामंडप खदखदला. मागे बायकांत बसलेली केसरही हसली. मग तिनं सासऱ्याचं तोंड बघितलं आणि तिचं हसू विरलं. म्हातारा गोष्ट सांगत नव्हता.

गावकीचे पुढारी रामचंद्र पाटील समजूतदार माणूस. त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं आणि म्हणाले, “तात्या, तुमचं म्हणणं खरं असंल. पण आमच्या आधीचं तुमच्याबिगर कुणी बघितलेलं न्हाय, आन् तुमची साक्ष कोण धरंल? तुम्हीच सांगा.”

“माझी धरू नका. देवीची धरा.” तात्यानं बोट गाभाऱ्याकडं केलं. “बरणी आणा. तिच्यात माझ्या बापाच्या वेळचे खडे तळाला हायेत आन् कान्हाच्या वेळचे वर हायेत. मोठ्या मासळीचा खडा मोठा, लहानीचा लहान. वरपासून तळापर्यंत काढा आन् ओळीनं मांडा. मी थापा मारतो, बरणी तर मारत न्हाय?”

ही गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पाटील विचारात पडले. म्हाताऱ्याला मात्र आता चेव आला होता. तो म्हणाला, “तळचे खडे मोठे न निघाले, तर ह्या खांबाजवळ मी पुन्हा बसणार न्हाय आन् मासळीबद्दल तोंडातून शब्द काढणार न्हाय.”

“आणि निघाले तर?” सदानं विचारलं. सदा हा कान्हाचा होडीतला भागीदार.

“तर दरसाल नारळी पुनवेपासून दिवाळीपतुर खाडीत बारीक जाळं कुणी लावायचं न्हाय.”

पाटलांनी चारी बाजूंना बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. कान्हानंही हलवली, आणि जरा हसतच हलवली. केसर उठून घरी गेली आणि बरणी पदरात धरून घेऊन आली. तिला एवढंच वाटत होतं, बरं झालं बाई आपण ती घासून ठेवली, नाहीतर चारचौघांत त्या मुंग्या निघाल्या असत्या.

सदाचा हात लांब आणि बारीक, म्हणून खडे काढायला तोच बसला. पहिली मूठ पैशांसकट चटईवर ठेवली आणि सगळे पुढे वाकले. खडे सुपारीएवढे होते.

“हे वरचे,” पाटील सावकाश म्हणाले. “म्हंजे आत्ताचे.”

दुसरी मूठ आली, तिसरी आली. ओळ लांबत गेली आणि खडे लहान होत गेले. तळाला हात पोचला तेव्हा सदाच्या मुठीतून जे पडलं ते चिंचोक्याएवढं होतं. बरणीच्या साक्षीनं घोळ वाढली होती, चांगली दुपटी-तिपटीनं वाढली होती.

आता हसू आवरणार कसं? “तात्या, तुमच्या वेळची घोळ मांदेलीएवढी व्हती की,” कुणीतरी म्हणालं. “दोघं खांद्यावर कशाला, नाकातल्या नथीला अडकवून आणत असतील,” बायजा म्हणाली. हसण्यात वाकडेपणा नव्हता, तात्यावर सगळ्यांचा जीव होता. पण तात्या त्या ओळीकडं बघत उभा होता, जणू आपलंच घर परकं निघालं. मग तो खाली वाकला, चिंचोक्याएवढा एक खडा तळहातावर घेतला, परत जागेवर ठेवला.

“देवी खोटं बोलणार न्हाय,” तो म्हणाला. “माझंच डोकं सडलं असंल. जाळी लावा.” खांबाला टेकवलेली काठी त्यानं घेतली आणि तो घरी गेला. कान्हा जिंकला होता. त्याला पाठीवर थापा मिळाल्या आणि त्याही त्यानं धड घेतल्या नाहीत.

त्या दिवसापासून घरात बोलणं थांबलं. म्हणजे मीठ दे, पाणी दे एवढं होतं, पण म्हातारा बोलत नव्हता. तो रागावला असता तर चाललं असतं. तो अगदी गुणी झाला. वाढलेलं खायचा, नाही म्हणायचा नाही, आणि अंगणातल्या बाजेवर खाडीकडं पाठ करून बसायचा. केसरनं मुद्दाम खोडी काढली, “मामा, त्या शिंगवाल्या घोळीचं काय झालं?” तो म्हणाला, “घोळीला शिंगं नसतात गो.” केसरनं हंडा उचलला. ती पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली.

पुनवेच्या आधी बरणी भरून ठेवायची होती. खडे देवळात चटईवर तसेच ओळीनं पडून होते. पाटलांनी बजावलं होतं, “जसे व्हते तसे भर, केसर. तळचे आधी, वरचे मागनं.” म्हणून ती सकाळी गेली, सोबतीला बायजाला घेतलं आणि ओळीच्या चिंचोक्याएवढ्या टोकापासून सुरुवात केली. दोन खडे आणि त्यांच्याजवळचा पैसा. दोन खडे आणि पैसा.

केसर किहीमच्या बाजारात रोज पाटी घेऊन बसणारी बाई. पैसा हातात आला की तो उलटून बघायची तिच्या बोटांना सवय, नाहीतर गिऱ्हाईक गुळगुळीत झालेला माथी मारतं. तिनं पहिला पैसा उलटला. मुकुटवाला राजा. दुसरा उलटला. तोही मुकुटवाला. तिसरा, चौथा, सगळे मुकुटवाले. बरंच पुढं गेल्यावर बोडका राजा लागला. आणि सुपारीएवढ्या खड्यांशेजारी जे पैसे होते त्यांच्यावर अंबाडा घातलेली राणी होती.

केसरचा हात बरणीच्या तोंडाशी थांबला.

“बायजा,” ती म्हणाली, “राणी आधीची का राजा आधी?”

“हे काय विचारणं झालं? राणी. मग तिचा बोडका पोरगा. मग त्याचा हा मुकुटवाला. माझ्या आयच्या लग्नात सगळे राणीछाप व्हते.”

“मग तळाला मुकुटवाला कसा आला?”

बायजा पैसा उलटून बघायला लागली. केसर मात्र आता चटईकडं बघत नव्हती. तिला वैशाखातलं आपलं अंगण दिसत होतं, दारापासून तुळशीपर्यंत. दारापाशी वरचे खडे पसरले, संध्याकाळी दारापासूनच उचलले आणि तेच आधी बरणीत टाकले. वरचे तळाला गेले, तळचे वर आले. सगळी बरणी तिनं आपल्या हातांनी उलटी करून ठेवली होती, आणि तीही एकही खडा इकडचा तिकडं होऊ न देता.

“अग बाई,” बायजा म्हणाली, “तू देवीची बरणी धुतलीस?”

केसरनं मान हलवली. तिला एकदम सगळं दिसलं. सांगावं तर देवीच्या बरणीला विचारल्यावाचून हात लावल्याचं गावभर होईल, आणि ते एक वेळ परवडलं. पण कान्हाचं जाळं अजून खाडीच्या पाण्याला लागलंही नव्हतं, ते गुंडाळून ठेवावं लागणार होतं. न सांगावं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. बायजाचं तोंड बंद करता आलं असतं, तिची अशी बरीच गुपितं केसरकडं होती. आणि तिकडं बाजेवर म्हातारा खाडीकडं पाठ करून बसलेला होता.

बरणीत गेलेले खडे तिनं पुन्हा ओळीत त्यांच्या जागी मांडले, आणि सगळं तसंच टाकून ती घरी आली. कान्हा पडवीत जाळ्याच्या कडेला दोर ओवत होता. तिनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, धुण्यापासून राणीपर्यंत. कान्हाचा हात चालत होता तो हळूहळू थांबला.

“आणखी कुणाला ठाव हाय?”

“बायजाला.”

“म्हंजे दुपारपतुर गावाला.” तो कडवट हसला आणि जाळं बोटांत धरून बसला. “लई हौसेचं हाय गो हे.”

“मला का ठाव न्हाय?”

कान्हानं दोर आणखी दोन डोळ्यांतून ओवला. बाहेर बाजेवर म्हातारा खोकला. मग कान्हानं विचारलं, “बा जेवला का सकाळचं?”

“जेवला. वाढलं तेवढं जेवला. अवो, तोच तर घोर हाय.”

“चार दिवसांत एक थाप मारली न्हाय त्यानं,” कान्हा म्हणाला. “पोर असताना मी त्याच्या थापा ऐकून झोपायचो. आता घरात कुणी मेल्यागत वाटतंय.” त्यानं दोर दातानं तोडला आणि उठला. “आपलेच दात, आपलेच ओठ. चल पाटलाकडं. म्हाताऱ्याला आत्ता काय सांगू नको, आधी गावकीत उभी राहा.”

गावकीत बाई उभी राहिली की पुरुषांच्या कपाळाला आठ्या पडायच्याच. पण कोळ्याच्या बाईला बाजारात चार माणसं गप्प करायची सवय असते, आणि केसरला तर जास्तच होती. म्हाताऱ्याला सदानं धरून आणलं होतं. तो खांबाजवळ न बसता पायरीवर बसला. केसरनं आधी सरळ सांगितलं, “बरणी मी धुतली. वैशाखात. देवीची माफी मागितली हाय, तुमची मागते.” कुजबुज सुरू झाली ती थांबायची तिनं वाट बघितली. मग दोन्ही टोकांचे पैसे पाटलांच्या हातावर ठेवले आणि चटईचं, दाराचं, तुळशीचं सांगितलं.

पाटलांनी पैसे उलटून बघितले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

सदा मात्र ऐकणारा नव्हता. त्याच्या घरातही तसलंच जाळं होतं. “पैशाचं काय घेऊन बसलीस वयनी? राणीचा पैसा आजपण चालतो. गेल्या साली टाकला असंल कुणी राणीछाप.”

“चालतो. मीपण कालच घेतला,” केसर म्हणाली. “म्हणून राणीचा पैसा कुठंपण सापडला तरी मी काय बोलणार न्हाय. पण तळच्या टोकाला सगळे मुकुटवाले हायेत. तळ आजाच्या वेळचा म्हणता ना? मग आजाच्या वेळी राज्य राणीचं व्हतं. नातवाचं नाणं आजीच्या राज्यात कुठनं आलं, सांगा बघू. तो तवा जन्मला असला तर रांगत असंल.”

 सदा खाली बसला. मग कान्हा पुढं आला. त्यानं चटईवरचा शेवटचा खडा उचलला. चिंचोक्याएवढा, एका बाजूनं टवका उडालेला. “ह्यो माझा,” तो म्हणाला. “गेल्या सालचा. डोकं फोडताना कोयता लागला व्हता. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं न्हाय, आज बघितला तवा आलं.” आणि तो खडा त्यानं पाटलांच्या हातावर, मुकुटवाल्या राजाशेजारी ठेवला.

 पाटलांनी चटईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन बघितलं, या वेळी उलट्या बाजूनं. राणीची सुपारी, बोडक्या राजाचा सुपारीहून लहान खडा, मुकुटवाल्याचा चिंचोका. गुणाजीची घोळ खरी होती.

सगळ्यांनी वळून पायरीकडं बघितलं. म्हातारा आता उठेल, काठी आपटेल, दोन शब्द सुनावेल, असं प्रत्येकाला वाटलं. तसा त्याचा हक्कच होता. पण गुणाजी तात्या डोळे पुसत होता.

“तात्या, तुम्ही जिंकला,” पाटील म्हणाले.

“कसला जिंकलो?” तो म्हणाला. “त्या दिवशी हरलो तवा घरी जाऊन मी काय म्हटलं ठाव हाय? म्हटलं, गुणाजी, तू खोटारडा निघालास, पण बरं झालं. दर्या भरलेला हाय. पोरं उपाशी मरणार न्हायत. चार दिवस तेवढ्यावर गप बसलो व्हतो मी. तेपण ह्या पोरीनं घासून काढलं.”

त्यावर कुणाला हसावं की रडावं कळेना. केसरच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. ती सासऱ्यापुढं जाऊन बसली आणि म्हणाली, “मामा, चुकले.” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “धुतलीस म्हणून पैशावरची राणी दिसली गो,” तो म्हणाला. “त्या लगद्यात कुणाला दिसणार व्हती?”

कान्हानं त्याच संध्याकाळी जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. दिवाळीपर्यंत काढलं नाही. दुसऱ्यांनीही काढलं नाही, म्हणजे सदानं एकदा पहाटे काढलं आणि बायजानं ते सकाळपर्यंत चुलीचुलीला पोचवलं, त्यानंतर त्यानंही काढलं नाही. किहीमच्या वाडीवाल्यांनी कुरकुर करून माडांना शेणखत घातलं. माड काही मेले नाहीत. गुणाजी तात्या खांबाजवळ परत जाऊन बसला, आणि आठवडाभरात घोळीला पुन्हा शिंगं फुटली. जित्याची खोड, ती काय जाते?

बरणीला मात्र एक नवी रीत लागली, आणि ती केसरनं लावली. खड्यांसोबत टाकायचा पैसा कुठलाही चालणार नाही, त्या सालातला नवा कोरा पाहिजे. म्हणून श्रावण लागला की केसर बाजारात नवा पैसा हेरायला लागायची. आणि बरणी कधीकाळी धुवायची झाली तर चार जणांसमोर, हेही ठरलं.

अडतीस साली पहिली घोळ पुन्हा कान्हाच्या जाळ्यात आली. किनाऱ्यावरच त्यानं डोकं फोडलं, या वेळी कोयता जपून चालवला. खडे धुऊन त्यानं बापाच्या हातावर ठेवले. म्हाताऱ्याला आता दिसत नसे. त्यानं ते बोटांनी चाचपले, मुठीत धरले, पुन्हा चाचपले. केसर नवा पैसा घेऊन शेजारी उभी होती. त्याच्यावर आणखी एक नवा राजा आला होता.

“सुपारीएवढा हाय,” तात्या म्हणाला.

खडा सुपारीएवढा नव्हता. पण चिंचोक्याएवढाही नव्हता, हे भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं.

“दोघांनी खांद्यावरनं आणली असंल,” तात्या म्हणाला.

कान्हानं ती एकट्यानं, एका हातानं आणली होती. त्यानं सदाकडं बघितलं.

“दोघांनीच आणली तात्या,” सदा म्हणाला. “खांदे दुखतायत अजून.”

केसरनं बरणीचं तोंड पुढं धरलं, आणि म्हाताऱ्यानं चाचपत खडे आत सोडले.